एका गळतीची कुळकथा

मूत्रपिंडदानाचं मूळ लोक १९५४च्या बोस्टनमध्ये शोधतात. मला ते त्याआधी ८५ वर्षं, हायडेलबर्गमध्ये, एका बाईच्या सतत भिजणाऱ्या लुगड्यात सापडलं. लुगडं आपलं, तिचा झगा. पण ओल तीच.

मार्गारेटा क्लेबच्या ओटीपोटाची शस्त्रक्रिया १८६८मध्ये झाली. अंडाशयाच्या गाठीबरोबर गर्भाशयही काढावं लागलं आणि डाव्या मूत्रवाहिनीला इजा झाली. ही पेन्सिलीहून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, पुलाखालून ओढा जावा तशी. रक्त थांबवताना चिमटा तिच्यावर पडणं आजही घडतं. मग लघवी भलतीकडून वाट काढते. त्या वाटेचं नाव फिस्टुला, लॅटिनमध्ये नळी किंवा पावा. आपल्या ‘नाडीव्रणा’तली नाडीही ‘नड’ म्हणजे बोरूच्या कुळातली. एकाने दुसऱ्याकडून शब्द उचलला असं मला वाटत नाही. दोघांनीही तीच पोकळ काडी पाहिली असणार.

शल्यविशारद गुस्ताव सिमोनने ती वाट बुजवायचे प्रयत्न केले, ते फसले. मग त्याने उगमालाच हात घालायचं ठरवलं. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगेल? त्याने कुत्र्यांचं एकेक मूत्रपिंड काढून पाहिलं. दुसऱ्यावर त्यांचं भागत होतं. २ ऑगस्ट १८६९ रोजी कमरेच्या मागच्या बाजूने चीर देऊन त्याने क्लेबबाईंचं डावं मूत्रपिंड काढलं. जखम चिघळली, पण बाई बऱ्या झाल्या. गळती थांबली.

यावर मिलवॉकीच्या वॉलकॉटचं नाव पुढे करतात. त्याने १८६१मध्येच मूत्रपिंड काढलं होतं, हे खरं. पण त्याने यकृताची गाठ समजून हात घातला होता, आणि रोगी १५ दिवसांत दगावला. शिवाय ते मूत्रपिंड रोगट होतं. सिमोनने काढलेलं चालतं होतं. त्यातून लघवी येत होती, म्हणून तर गळती. चालतं मूत्रपिंड काढूनही माणूस धडधाकट राहतो, हे क्लेबबाईंनी दाखवलं. दात्याची सगळी भिस्त याच गोष्टीवर असते. म्हणून हे कूळ मी सिमोनकडेच लावतो.

गळतीसाठी मूत्रपिंड गमावणं पुढे टळू लागलं. तुटकी मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने रोवतात. ती तोकडी पडली तर मूत्राशयाच्याच भिंतीची पट्टी वळवून नळी करतात आणि मधलं अंतर सांधतात. ही पट्टी इटलीच्या बोआरीची. १८९४मध्ये त्यानेही ती आधी कुत्र्यांवरच करून पाहिली होती.