आपाची पदवी

आमच्या कुपवाडहून मिरज अगदी जवळ. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं. आमच्याकडं ‘सिस्टर’ हा शब्द रुजला तो तिथूनच, असं मला वाटतं.

सिस्टरला पदवी मात्र उशिरा लाभली. दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी १९४६ साली सुरू झाली. पण डिप्लोमा करून नोंदणी झालेल्या, संसार नि रात्रपाळी सांभाळणाऱ्या नर्सनं पुन्हा कॉलेजात कसं बसावं? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं १९९४ साली अशा नर्सेससाठी तीन वर्षांची बी.एस्सी. काढली.

माझी आपा त्याच वाटेनं शिकली. मी बी.ए. झालो तेव्हा अब्बांनी पेढे वाटले होते. आपा पंचेचाळिसाव्या वर्षी पदवीधर झाली, तेव्हा अब्बा नव्हते. पेढे मी वाटले.