मॉर्डकाय कॅपलन

१४. लेखकाने इथे नुसते आडनाव देऊन विषय पुढे नेला आहे. मराठी वाचकाला तेवढे पुरणार नाही. मॉर्डकाय कॅपलन (१८८१–१९८३) जन्माने लिथुआनियाचे, पण त्यांची हयात गेली न्यूयॉर्कमध्ये. ज्यू धर्म ही केवळ श्रद्धा नव्हे. भाषा, सणवार, कला, रीतिरिवाज यांसह सतत घडत राहणारी ती एका समाजाची संस्कृती आहे, असे त्यांनी १९३४ च्या ‘ज्युडाइझम अ‍ॅज अ सिव्हिलायझेशन’ या ग्रंथात मांडले. ‘देवाने निवडलेली प्रजा’ ही कल्पनाही त्यांनी प्रार्थनेतून वगळली. परिणामी १९४५ साली सनातनी रब्बींच्या एका संघटनेने न्यूयॉर्कच्या हॉटेलात सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले आणि त्याच सभेत त्यांची प्रार्थनापुस्तिका जाळण्यात आली. हे अमेरिकेत, महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात घडले, हे विशेष.

त्यांच्या ग्रंथांपेक्षा एक कृतीच जास्त टिकली, असे आमचे मत. मार्च १९२२ मध्ये त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ज्युडिथला, सभागृहात सर्वांसमोर तोराचे, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचे, वाचन करायला उभे केले. तेही मूळ गुंडाळीपासून अंतर राखून, छापील पुस्तकातून. तोवर हा वयात येण्याचा जाहीर मान मुलग्यांचा होता. आज अमेरिकेतील बहुतेक उदारमतवादी सिनेगॉगमध्ये मुलींचा हा विधी, म्हणजे ‘बात मित्झ्वा’, नेहमीचा झाला आहे. पुढील प्रकरणातील ‘रिकन्स्ट्रक्शनिस्ट’ हा शब्द कॅपलन यांच्याच विचारांतून निघालेल्या पंथासाठी आहे.
— संपादक