होडी थांबते तिथून

"उजनी किती टक्के झाली?" आमच्याकडं पावसाळ्यात माणसं भेटली की आधी हेच विचारतात. उसाला पाणी मिळणार का, हे शेतकऱ्याला जाणून घ्यायचं असतं. मलाही टक्के हवे असतात, पण ते फेब्रुवारीत चिखल कुठवर उघडा पडेल, याचा अंदाज बांधायला. दौंडला माझा फोटो स्टुडिओ होता. घर लग्नांच्या ऑर्डरींवर चाललं. उरलेला वेळ, उरलेले पैसे आणि उरलेली फिल्म भिगवणच्या पाण्यावर गेली.

आज भिगवण म्हटलं की रोहित पक्षी आठवतात, म्हणून तिथं ते पूर्वापार येत असावेत असं नव्या माणसाला वाटतं. पण हा जलाशय माझ्याहून लहान आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधी इथं नदी होती, काठाला ज्वारीची रानं होती, मळे होते. जुनं भिगवण पाण्याखाली गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ बुडालं. दुष्काळ पडला की ते वर येतं. 2024च्या उन्हाळ्यात ते उघडं पडलं, तेव्हा लोक पायी चालत दर्शनाला गेले. माझ्या आजोळची विहीरही त्याच पाण्यात आहे. ती अजून वर आलेली नाही.

धरणाची एकूण साठवण 117 टीएमसी, आणि त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणूनच "उजनी मायनसमध्ये गेली" असं वाक्य आमच्याकडं निघतं. पाणी शून्याखाली गेलं तरी धरणात पाणी असतंच. मागचा भाग सपाट असल्यामुळं पातळी थोडी उतरली तरी लांबवर चिखल उघडा पडतो. मग धरणग्रस्त त्या ओलीवर गाळपेर करतात, हरभरा टाकतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात आणि त्या रानात चरतात. उथळ पाण्यात शेकाट्यांची गर्दी होते. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळत फिरतात. माणसांची जमीन गेली म्हणून ही पाखरं आली. त्यांचा फोटो काढताना मी हे विसरत नाही, आणि दुसऱ्या कुणी विसरलेलंही मला चालत नाही.

माझ्या मामांची आठ एकर जमीन गेली. त्यांनी आयुष्यभर नांगर धरला होता. भोई समाजाच्या माणसांकडून ते जाळं टाकायला शिकले, पत्र्याची होडी केली आणि चिलापी, कटला, मरळ भिगवणच्या बाजारात घालू लागले. मला पाखरांजवळ नेणारे पहिले नावाडी तेच. तेव्हा पक्षी दाखवायला होडी, हा धंदाच नव्हता. पहाटे जाळी काढायला निघाले की मला पुढच्या बाजूला बसवायचे.

कॅमेरा झेनिट फोटोस्नायपर. रशियन, 300 मिलिमीटरची लेन्स, खाली बंदुकीसारखा दस्ता आणि दस्त्यालाच चाप. 1987 साली मुंबईत बोरा बाजारातून जुना घेतला. डिकसळच्या जुन्या दगडी पुलावर तो खांद्याला लावला की येणारा-जाणारा थांबायचा. फोकस हातानं. छत्तीस फोटोंचा रोल. लग्नाच्या रोलमध्ये शेवटी चार-पाच फोटो उरले की मी ते वरातीवर घालवायचो नाही, पाखरांसाठी ठेवायचो. त्यामुळं माझ्या जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्यांवर नवरा-नवरी, नवरा-नवरी आणि मग एकदम राखी बगळा.

"मामा, घ्या की थोडं पुढं," मी म्हणायचो. मामा वल्हं पाण्यात रोवून होडी थांबवायचे. "आरं, पाखराला आपण दिसलो तरी चालतंय. पण त्याच्याकडंच निघालोय आसं त्याला वाटता कामा न्हाय." मग होडी आडवी, तिरकी, जणू दुसरीकडंच जायचंय अशी सरकायची. पक्षी मान वर करून पाहू लागला की मामा तिथंच थांबायचे. तो पुन्हा चरायला लागला तरच पुढं. पुढं अनेक पुस्तकं वाचली, महागाच्या लेन्स वापरल्या. या छंदाबद्दल याहून मोठं मला कुणी काही शिकवलं नाही.

पुस्तकं मात्र वेगळंच सांगत होती. 1892 साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. पुढं पाखरांना फसवायला त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल केला आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात बसले. आपल्याकडं लोथर नावाच्या इंग्रजाचं भारतातल्या पक्षी-छायाचित्रणावरचं पुस्तक 1949 साली आलं. सिंगापूरचे सिनेमागृहांचे मालक लोक वान थो महायुद्धात जहाज बुडून कसेबसे वाचले, भारतात आले आणि सलीम अलींचे मित्र झाले. त्यांचं पक्ष्यांच्या फोटोंचं पुस्तक 1957चं. या पिढीचा बराच भर घरट्यांवर होता, आणि त्यामागं कारणही होतं. फिल्म मंद, लेन्स आखूड, कॅमेरा अवजड. उडत्या पाखराच्या मागं धावणं शक्य नव्हतं. घरट्यावर मात्र पाखरू परत परत येणारच. जवळ कापडाचा आडोसा उभारायचा, रोज थोडा पुढं सरकवायचा, आत तासन्‌तास बसायचं. त्यांची चिकाटी खरोखर थोर होती. पण फांदी आड आली की ती बांधायची किंवा छाटायची, हीही त्याच काळाची रीत.

मीही तेच केलं. 1991 साली, स्टुडिओमागच्या डाळिंबात लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं. तीन पिल्लं. वरची फांदी सुतळीनं मागं ओढून बांधली, उजेड आत घेतला आणि पूर्ण रोल काढला. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक आलं आणि सुतळी सोडायची राहिली. सकाळी भारद्वाज कुंपणावर बसलेला होता आणि घरटं रिकामं होतं. बुलबुलाची जोडी दोन दिवस त्या फांदीवर येऊन ओरडत होती. फोटो उत्तम आले होते. मी ते कुठंही दिले नाहीत. 1972च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणंही येतं. हे मी नंतर वाचलं. कायदा माहीत नव्हता, एवढ्यानं ती तीन पिल्लं माझ्या खात्यातून वजा होत नाहीत. आज अनेक स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. हे फार आधी व्हायला हवं होतं.

फोटो विकण्याचा मार्ग तेव्हा अरुंद होता. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला चकचकीत कागदावरची प्रिंट पाठवायची. छापून आलाच तर खाली 'छाया' आणि नाव. एखाद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला पारदर्शिका लागायची. ती पोस्टानं जायची आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला. एका कॅलेंडरवाल्यानं माझा चित्रबलाक नाव न देता छापला आणि मूळ पारदर्शिका हरवली. ती भादलवाडी तलावाच्या बाभळींवरची होती. तसा उजेड पुन्हा मिळाला नाही. त्या दिवसांत मद्रासच्या एम. कृष्णन यांचा मला फार आधार वाटायचा. जुन्या भागांची जुळणी करून घडवलेल्या कॅमेऱ्यानं, कृष्णधवल फिल्मवर, त्यांनी हत्तींपासून पाखरांपर्यंत सगळं टिपलं होतं. ऐपत बेताची असली तरी काम अव्वल होऊ शकतं, याचा तो पुरावा होता.

नावं दिली ती सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी. त्यांचा 'पक्षिकोश' हाती येईपर्यंत माझ्या कितीतरी निगेटिव्हच्या पाकिटांवर नुसतं 'तपकिरी, लांब पाय' असं लिहिलेलं होतं. मामांकडं स्वतःची नावं होती, काही कोशातल्यासारखीच. काळ्या अंगाच्या, पांढरा टिळा लावलेल्या, थव्यानं पोहत जाणाऱ्या पाखराला ते 'वारकरी' म्हणत. हेच पाणी पुढं पंढरपूरला जातं. चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबरचा आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबरचा, म्हणून 2020 पासून महाराष्ट्रात हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. जून 2025 मध्ये चितमपल्ली गेले, तेव्हा मी ती सगळी पाकिटं काढून पुन्हा एकदा पाहिली.

2004 साली डिजिटल कॅमेरा घेतला आणि लग्नाच्या रोलमधले उरलेले फोटो हा हिशेबच संपला. सेकंदाला कितीही काढा. माझं काम सोपं झालं आणि सुधारलंही. पंख मिटतानाचा नदी सुरय मला फिल्मवर कधी मिळाला नव्हता. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडीच्या काठाला गाड्या लागू लागल्या. मच्छीमारांच्या होड्यांना नवं काम मिळालं. काहींनी घरात जेवणाची, मुक्कामाची सोय केली. धरणानं ज्यांची रानं घेतली, त्यांच्या नातवंडांना त्याच पाण्यावर मानाचं काम मिळालं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. हे तरुण नावाडी पट्टकादंब कुठल्या बाजूच्या हरभऱ्यात उतरणार, ते वाऱ्यावरून सांगतात. फोटोखाली मात्र त्यांचं नाव कधीच नसतं.

मागच्या मार्चमध्ये मामांच्या नातवाच्या होडीत होतो. शेजारच्या होडीतला पाहुणा नावाड्याला म्हणाला, "थोडी जवळ घ्या, उडवा की त्यांना, उडताना गुलाबी दिसतात." जादा पैसेही देऊ केले. नावाडी पोरगा आमच्याकडं पाहत राहिला. रोहिताला हवेत उठायला पाण्यावर बरंच धावावं लागतं. सकाळभर दहा होड्यांनी दहादा उठवलं, तर त्याचं चरणं बुडतं. ते उन्हं चढली की, किंवा थवा जागा बदलायला निघाला की, आपणहून उडतात. मी वाट पाहिली आहे, आणि माझ्याकडचे सगळ्यात चांगले उडते रोहित त्या वाट पाहण्याचेच आहेत.

तुम्ही भिगवणला जाणार असाल तर सूर्य उगवायच्या आत काठावर पोचा. नावाड्याचं नाव विचारून घ्या आणि फोटो छापून आला तर आपल्या नावाशेजारी तेही लिहा. त्यानं वल्हं रोवून होडी थांबवली की, कृपा करून, पुढं घ्यायला सांगू नका.