चावडी, कौल आणि ज्ञानकोशातील तंटे

गावचा तंटा चावडीवर न्यायचा, ही मराठी मुलखाची जुनी रीत. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि पुढे त्याच्या स्वयंसेवी संपादकांनी आपल्या सामाईक चर्चेच्या पानाला हेच नाव दिले : चावडी. सर्वांचे मत मागायचे असेल तर ‘कौल’. कोकणात कौल देवाला लावतात. येथे तो सदस्यांना लावला जातो.

ही नावे केवळ शोभेची नाहीत. मराठेशाहीत वतनाचा वाद गोतसभेपुढे आला की आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेतला जाई. त्या काळी या शब्दाचा अर्थ पद सोडणे असा नव्हता. सभेचा निवाडा मान्य करू, अशी ती लेखी कबुली होती. मग तकरिरी लिहून घेतल्या जात, जुने कागद तपासले जात, साक्षी होत. शेवटी महजर तयार होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे येत, पाटील नांगराची निशाणी करी. हरलेल्याला येजितखत लिहून द्यावे लागे. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास वाद परस्थळी नेण्याची मागणीही करता येई. कागद व साक्षी यांनी उलगडा झाला नाही, तर दिव्य.

विकिपीडियावर प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान आणि एक ‘इतिहास’ असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे नोंदलेले राहते. महजराचे काम तोच करतो. प्रचालक पान कुलूपबंद करू शकतो, उत्पात करणाऱ्यास रोखू शकतो. परंतु खरे काय, हे ठरविण्याचा वेगळा अधिकार त्याला नाही. एकमेकांचे लेखन पुनःपुन्हा उलटवण्यावर इंग्रजी विकिपीडियाने २००४ मध्ये मर्यादा घातली : एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा नाही. त्याच वर्षी तेथे लवाद समितीही कामाला लागली. दिव्याला मात्र जागा नाही. संदर्भ नसेल तर वाक्य काढले जाते. येजितखतालाही जागा नाही, आणि ही उणीव मोठी आहे; हरलेला पक्ष वर्षभराने तोच वाद घेऊन पुन्हा दारात उभा राहू शकतो.

नावांचे तंटे सर्वांत चिवट. बाल्टिक किनाऱ्यावरील एका शहराला पोलिश ग्दान्स्क म्हणतात, जर्मन डान्झिग. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर मतदान होऊन तोड निघाली : १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याआधी व त्यानंतर ग्दान्स्क.

असा पेच आपल्याकडे शोधायला दूर जावे लागत नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. इंग्रजी अमलात ते मध्य प्रांतात होते, १९५० मध्ये मध्य प्रदेशात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आता १९५३ सालच्या खाणीविषयीच्या वाक्यात ‘चिखला, मध्य प्रदेश’ असे कोणी लिहिले, तर एखादा उत्साही संपादक ती चूक समजून ‘महाराष्ट्र’ करील. दोघेही प्रामाणिक. एकजण गावाचा आजचा पत्ता सांगतो, दुसरा त्या सालचा. चर्चा पानावर साल मांडले की हा वाद दोन ओळींत मिटावा. तेथे न जाता नुसती उलटापालट चालू राहिली, तर तो आठवडाभरही पुरेल.

सारेच वाद एवढे निरुपद्रवी नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावर आक्षेप घेण्यात आला. महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली. काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. गोताचा निवाडा न पटल्यास वाद हुजुरात नेण्याची रीत पूर्वीही होती. फरक इतकाच, की महजरावर निशाणी करणारा पाटील गावाला आणि सरकारला नावानिशी ठाऊक असे. येथील पुष्कळ संपादक टोपणनावाने लिहितात, आणि त्या नावामागचा माणूस कोण, हे त्याच्याशी महिनोन्महिने वाद घालणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.