शेजाऱ्याच्या बिडीचा धूर आणि १८८२ चा कायदा

समजा, तुम्ही वारंगा फाट्यावर राहता. तुमची आणि शेजाऱ्याची भिंत एकच, वर पत्रे. पत्र्याखालच्या फटीतून त्यांच्या बिडीचा धूर तुमच्या घरात येतो, आणि घरात तान्हं लेकरू आहे. तक्रार कुठल्या कायद्याखाली करणार?

भांडण जुनंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, घरांच्या वादांवर नियम आहेत. अग्नीची जागा, जातं, उखळ यांसाठी पाऊलभर किंवा हातभर अंतर सोडायचं, नाहीतर दंड. (तिथली काळजी धुरापेक्षा आगीची असावी, असं मला वाटतं.)

इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत कलम २७८ घातलं: हवा आरोग्याला अपायकारक केली तर ५०० रुपयांपर्यंत दंड. पण अट अशी, की त्रास परिसरातल्या सर्वसाधारण लोकांना व्हायला हवा. एका घराचा खोकला त्यात बसवणं अवघड. २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २८० झालं, दंड १००० झाला, अट तीच राहिली.

खरी गंमत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. (तेव्हा आपला भाग निजामाकडे होता, हा कायदा ब्रिटिश हद्दीतला.) कलम ७ म्हणतं, आपल्या जागेत येणारी हवा दुसऱ्यांनी अवाजवी दूषित करू नये, हा मालकाचा हक्क. वाचून बरं वाटतं ना? थांबा. कलम १५ आणि २८ एकत्र वाचा. कुणी वीस वर्षं उघडपणे, बिनअडथळा, हक्क म्हणून हवा दूषित करत आला, तर तोच त्याचा हक्क होऊ शकतो! फक्त सुरुवातीला होतं तेवढंच प्रदूषण, वाढीव नाही. हे गिरणी-भट्ट्यांच्या जगाला शोभणारं. बिडीचा धूर वीस वर्षांपूर्वी किती होता, हे कोण मोजणार?

मग तंबाखूचे कायदे? मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ ला दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे इथं धूम्रपानाला मनाई झाली. पुढे २००३ चा कायदा, २ ऑक्टोबर २००८ चे नियम. सगळीकडे शब्द एकच: 'सार्वजनिक ठिकाण'. तुमची खोली त्यात नाही, शेजाऱ्याचीही नाही.

उरतं दिवाणी न्यायालय, नाहीतर गावातली तंटामुक्ती समिती. ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. समिती समेट घडवते, हुकूम सोडत नाही. पण फट बुजवायला सिमेंट कुणी आणायचं, हे तिथं ठरू शकतं.