बिनतारी यंत्राचा परवाना

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. तेथील दाट वस्तीच्या इमारतींत आज संगणक उघडला, तर स्वतःच्या राऊटरच्या नांवाखालीं शेजाऱ्यांच्या राऊटरांचीं नांवें पडद्यावर उमटतात. हें राऊटर म्हणजे लहानसें प्रक्षेपणयंत्रच होय. तें संदेश घेतें आणि पाठवितेंहि. असें यंत्र विनापरवाना चालविल्याबद्दल याच मुंबई इलाख्यांत एके काळीं माणसें तुरुंगांत गेलीं.

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. तें एका खासगी कंपनीचें होतें व त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. ऐकणाऱ्यानें वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढावा, अशी व्यवस्था होती. तरी त्या वर्षअखेर सबंध हिंदुस्थानांत परवाने ३,५९४ च निघाले. कंपनी १९३० सालीं बुडाली व काम सरकारनें हातीं घेतलें. पुढें १९३३ च्या कायद्यानें परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाहि गुन्हा ठरला. परवाना चुकविणाऱ्यांना आळा घालणें हा त्याचा उघड हेतु; पण कोणत्या घरांत यंत्र आहे हें सरकारला कळण्याची सोयहि त्यानें झाली, आणि परक्या सत्तेला ती नकोशी खासच नव्हती.

या बंदोबस्ताला मोठें आव्हान मिळालें तें १९४२ सालीं. २७ ऑगस्ट रोजीं मुंबईंत ४२.३४ मीटर लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत तो चालवीत. यंत्रसामग्रीच्या कामीं नानक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या पेढीचें साह्य होतें. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं छापा घातला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. राज्य आपलें झालें, तरी रेडिओचा परवाना मात्र राहिला. तो घरोघरच्या पाठीवरून उतरावयास १९८० चें दशक उजाडावें लागलें.

राऊटरची वाट मोकळी झाली ती २००५ च्या जानेवारींत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत थोड्या शक्तीचें यंत्र कोणीहि परवान्याविना चालवावें, अशी सूट सरकारनें दिली. तिच्याबरोबर शक्तीची व एरिअलच्या उंचीची मर्यादा आली. तीहि रास्तच, कारण लहर सर्वांची सामाईक आहे. काँग्रेस रेडिओची लहर ४२ मीटर लांबीची, तर ही सुमारें १२ सेंटिमीटरची. काँक्रीटच्या भिंतींत ती क्षीण होते, पाण्याच्या टाकींत बरीचशी विरते आणि पोलादी कपाटावर आपटून परत फिरते. म्हणून राऊटर कोपऱ्यांत, कपाटामागें दडवूं नये. घराच्या मध्यभागीं, उंचावर, उघड्यावर ठेवावा.

पण दाट वस्तींत खरी अडचण भिंतींची नसून शेजाऱ्यांची असते. या पट्ट्यांत परस्परांवर न चढणारे मार्ग तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा. एकाच मार्गावरील यंत्रें आधीं कानोसा घेतात, कोणी बोलत नसेल तरच बोलतात; बोलणारे वाढले कीं प्रत्येकाची पाळी उशिरां येते. अशा वेळीं जवळचे राऊटर कोणत्या मार्गावर आहेत तें पाहून आपला मोकळ्या मार्गावर न्यावा. घरांतील दोनतीन संगणकांना एकच प्रिंटर पुरवावयाचा असेल, तर तो तारेनें राऊटरला जोडावा. सर्व संगणकांस तो दिसतो, आणि कागद छापतांना लहरीवरचा निम्मा भार कमी होतो.

२०१८ सालीं ५ गिगाहर्ट्‌झचा रुंद पट्टाहि असाच खुला झाला. तेथें मार्ग पुष्कळ आहेत. मात्र लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची, दुसऱ्यातिसऱ्या भिंतीशीं थकणारी. मोठ्या वाड्यांत हा दोष ठरतो. छावणींतल्या एकाला एक लागून असलेल्या खोल्यांत तोच गुण आहे, कारण शेजाऱ्याची लहरहि तितकीच लवकर थकते.