छोट्या लाइनीची जमीन

दिवाळी आली की पुण्या-मुंबईकडची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. आमच्या गोंदियाकडे तो प्रघात फारसा नाही. आमची मुले बलिप्रतिपदेला गायगोधनाच्या गर्दीत असतात आणि पुढे गावोगावच्या मंडया आणि दंडारी यांची वाट पाहत असतात. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, "तुझा भाचा दार लोटून डोंगर रचत बसला आहे, जरा बघ," असे ताईने सांगितले तेव्हा मला नवल वाटले.

"मातीचा?" मी विचारले.

"माती कसली! कॉम्प्युटरात. जेवायला हाक मारली तर म्हणतो, एवढी नदी उतरू दे."

मी आत गेलो. पडद्यावर हिरवट-करड्या रंगाची उघडी जमीन पसरली होती. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. भाचा मान न वळवता म्हणाला, "मामाजी, बालाघाटची छोटी लाईन पुन्हा सुरू करतो आहे."

हे ऐकून माझ्या पोटात काय झाले, ते आमच्या भागातल्या चाळिशी उलटलेल्या माणसालाच कळेल. माझे आजोळ बालाघाटचे. गोंदियाच्या फलाटावरून ती अडीच फुटी रुळांची गाडी सुटे, बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशात शिरे, आणि पुढे सातपुडा चढून नैनपूरमार्गे थेट जबलपूर गाठे. एकूण पल्ला सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास. गाडीतून उतरावे, बोरे वेचावीत आणि पुन्हा चढावे, अशी तिच्या वेगाची थट्टा आम्ही करीत असू. २००५ च्या सुमारास गोंदिया-बालाघाट मार्ग ब्रॉडगेज झाला, २०१५ साली वरच्या अंगाची छोटी गाडीही थांबली, आणि थट्टा करायलाही काही उरले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा भाचा नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. 'ट्रेन सिम्युलेटर' म्हणजे पडद्यावर आगगाडी चालवण्याचा खेळ. मायक्रोसॉफ्टने २००१ साली असा एक खेळ काढला. त्यात देशोदेशींचे काही मार्ग तयार होतेच, शिवाय आपल्याला हवा तो मार्ग रचण्याची साधनेही होती. पुढे हौशी मंडळींनी 'ओपन रेल्स' नावाची फुकट मिळणारी नवी आवृत्ती घडवली. रूळ, इंजिने, स्टेशने माणसाने एकेक करून मांडायची. पण त्याआधी जमीन हवी. शेकडो चौरस किलोमीटरांचे चढउतार हाताने कोण उठवणार? म्हणून खरी जमीन आयती आणून ओततात.

ही खरी जमीन आली कोठून, हे ऐकण्यासारखे आहे. ११ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेचे 'एन्डेव्हर' हे अंतराळयान सहा माणसे घेऊन वर गेले. त्याच्या पोटात रडारचा एक कान होता आणि ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला दुसरा. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतराचा अदमास येतो, त्याच न्यायाने दोन ठिकाणी परत आलेल्या लहरींच्या फरकातून जमिनीची उंची काढायची. अकरा दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची मोजणी झाली. त्या वेळी आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन अवघे नऊ महिने झाले होते आणि छत्तीसगड राज्य जन्माला यायचे होते. आणि बालाघाटची छोटी गाडी रोज धावत होती.

ही मोजणी एकेक अंशाच्या चौकोनांत वाटलेली आहे. गोंदिया आणि बालाघाट एकाच चौकोनात पडतात: अक्षांश २१ ते २२, रेखांश ८० ते ८१. त्या एका चौकोनात सुमारे ३०-३० मीटरांवर एक अशा १ कोटी २९ लाखांहून अधिक उंच्या आहेत. २०१४ पर्यंत आपल्या वाट्याला ९० मीटरांवरची जाडीभरडी मोजणीच होती. नंतर ही बारीक टप्प्याटप्प्याने खुली झाली. खेळातली जमीन २०४८ मीटरांच्या चौरस फरश्यांची असते आणि प्रत्येक फरशीत ८-८ मीटरांवर उंचीचा एक ठिपका. मोजलेल्या ठिपक्यांच्या मधले ठिपके संगणक अदमासाने भरून काढतो. भाच्याने एक कळ दाबली, चहा प्यायला, आणि परत आला तेव्हा बाघ नदीचे खोरे पडद्यावर तयार होते.

पण गाडी चालेना. म्हणजे चाले, पण खाचखळग्यांतून बैलगाडी जावी तशी. कारण साधे होते. त्या मोजणीत उंची पूर्ण मीटरांतच लिहिलेली असते. रेल्वेचा शंभरास एक असा चढ धरला, तर ३० मीटरांत जमीन ३० सेंटीमीटर उचलली जाते. मोजणीत मात्र ती आधी शून्य आणि मग एकदम एक मीटर. शिवाय छोट्या लाइनीचा भराव माथ्यावर काही पावले रुंद. तीस मीटरांच्या जाळीतून तो चाळणीतून पीठ गळावे तसा गळून गेला होता. वरून पृथ्वी दिसली, पण रेल्वे दिसली नाही. भराव आणि कटिंग आता हातानेच करायचे होते.

मी इतिहास शिकवणारा मास्तर. मी म्हटले, जुना नकाशा घे आणि या जमिनीवर अंथर. सर्वे ऑफ इंडियाचा जुना नकाशा मिळवला, चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश जुळवले, आणि पाहतो तो सारी लाईन सुमारे दीडशे मीटर पूर्वेला सरकलेली! एके ठिकाणी गाडी थेट मालगुजारी तलावात. आमच्याकडे या माजी मालगुजारी तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. भाचा हसून म्हणाला, "मामाजी, तुमच्या नकाशाने गाडी तुमच्याच तलावात घातली."

नकाशा चुकीचा नव्हता. त्याची पृथ्वी वेगळी होती. पृथ्वी चेंडूसारखी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. किती चपटी, हे ठरवल्यावरच नकाशाला पाया मिळतो. आपल्याकडे हे मोजण्याचे काम विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासेजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने सुरू केले. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचे देहावसान झाले. तिथे त्याची कबर आहे. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे नेले आणि १८३० साली पृथ्वीचा आकार आकड्यांत बसवला. त्याच आकारावर आपले नकाशे दीड शतकाहून अधिक काळ काढले गेले. अंतराळयानाची मोजणी मात्र १९८४ साली ठरलेल्या जागतिक आकारावर आहे. दोन्ही पृथ्व्या आपापल्या जागी बरोबर. एकीवर दुसरी ठेवली की गोंदियाची गाडी पाण्यात. हिशेबाची दुरुस्ती केल्यावर लाईन मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसली.

तेवढ्यात लाइनीचाही थोडा इतिहास सांगून घेतो. १८७८ च्या सुमाराच्या दुष्काळानंतर नागपूर-छत्तीसगढ रेल्वे सुरू झाली. ती मीटरगेज होती. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने वाढवला. गोंदियाहून सातपुड्यात शिरणारी नॅरोगेज शाखा याच कंपनीची. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान ती टप्प्याटप्प्याने जबलपूरला पोचली.

हे सारे पुस्तकांत मिळते. जे मिळत नाही त्यासाठी मी आमच्या गल्लीतल्या काकाजींना बोलावले. ऐंशी ओलांडलेले, याच लाइनीवर गँगमन म्हणून राबलेले. काकाजींनी आधी कॉम्प्युटरला नमस्कार केला, मग चष्मा पुसला, आणि भाच्याने नुकताच उठवलेला भराव पाहून म्हणाले, "एवढा उंच नव्हता जी. हा आत्ताच्या मोठ्या लाइनीचा भराव. आमचा कमरेएवढा." मग बोट सरकत गेले. इथे पावसाळ्यात गिट्टी वाहून जाई, इथे रात्रभर कंदील घेऊन गस्त, इथे ड्रायव्हर आधीपासून वाफ धरून ठेवी. भाचा लिहून घेत होता.

बाघ नदीच्या अलीकडे एक टेकाड होते. सात-आठ मीटर उंच, चांगले ऐसपैस. काकाजी थांबले.

"हे काय आहे?"

"टेकाड आहे, आजोबा. खरे मोजलेले आहे," भाचा म्हणाला.

"इथं टेकाड नाही जी. मी या जमिनीवर तीस वर्षं चाललो. ही सपाट आहे." आणि थोडे थांबून, "इथं आमराई होती. दुपारी आम्ही तिथंच भाकर खात होतो. तोडली आता, पंधराएक वर्षं झाली."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मग त्यालाच उमगले. रडारची लहर दाट झाडीतून जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. शेंड्यांवरूनच बहुतांशी परतते. फेब्रुवारी २००० मध्ये, आंबा मोहोरलेला असताना, ती लहर त्या आमराईच्या डोक्यावरून परत गेली होती. आमराई तुटली, तिची उंची तेवढी आकड्यांत राहिली, आणि आम्ही तिला टेकाड समजून त्यावर गवत पेरले होते.

भाच्याने त्या रात्री टेकाड खाली बसवले आणि तेवढ्याच उंचीची आंब्याची झाडे लावली. दुसऱ्या दिवशी काकाजींनी ती पाहिली. ते काही बोलले नाहीत. मात्र जाताना, "विहीर राहिली, डाव्या हाताला," एवढे सांगून गेले.

गोंदियापासून बाघ नदीपर्यंतचे काम असे झाले. पलीकडचे पुढच्या सुट्टीत करू म्हणालो; मुलाची परीक्षा होती, माझ्या शाळेची कामे होती. भाद्रपदात काकाजींना अर्धांगाचा झटका आला. आता ते ओळखतात, हसतात, पण जीभ वळत नाही. पुलापलीकडे आमच्याजवळ फक्त आकडे आहेत. तिथली प्रत्येक उंची मोजलेली आहे. त्यांतली जमीन कोणती आणि झाड कोणते, हे सांगणारा माणूस मी वेळेवर विचारला नाही. मुलांना मी सनावळ्या पाठ करायला लावतो, आणि इतिहास माझ्या गल्लीत चहा पीत बसला होता तेव्हा मी परीक्षेचे वेळापत्रक पाहत होतो.

भाच्याने पलीकडची जमीन अजून उघडीच ठेवली आहे. अदमासाने झाडे लावू का, असे मी विचारले. तो नको म्हणाला. बालाघाटकडे जुन्या गँगमध्ये काम केलेले आणखी कोणी हयात असतील, त्यांना शोधायचे त्याने ठरवले आहे. भाऊबीजेनंतर आम्ही दोघे निघणार आहोत.

त्याआधी पाडव्याला लॅपटॉप घेऊन काकाजींकडे जायचे आहे. गाडी गोंदियाहून सुटेल, आमराईतून जाईल, आणि पुलाच्या अलीकडे थांबेल. विहीर डाव्या हाताला केली आहे. बरोबर जागी आहे की नाही, एवढे ते मान हलवून सांगतील.